आरामखुर्ची घ्यायची, पण कुणाच्या मापाची?



ऊस लावायचा तर सरी किती फुटांची पाडायची हे आपण आधी ठरवतो. कारखान्यावर ऊस गेला की भरलेली गाडी काट्यावर, रिकामी गाडी काट्यावर, आणि पावती हातात पडल्याशिवाय कुणी घरी येत नाही. बैलाचे जू करायचे झाले तरी सुतार बैलाची मान बघतो. पण ज्या खुर्चीवर घरातले वडीलधारे माणूस रोज चार-सहा तास बसणार, ती खुर्ची मात्र आपण रंग बघून, गादी बोटाने दाबून आणि शेजाऱ्याने कुठली घेतली ते विचारून आणतो. मेजपट्टी काही खिशातून बाहेर निघत नाही.

उसाचे बिल खात्यावर जमा झाले, घराचे काम पुरे झाले, की बैठकीच्या खोलीत एक चांगली आरामखुर्ची यावी असे पुष्कळांना वाटते. ते वाटणे रास्त आहे. जन्मभर सरीत वाकून काम केलेल्या पाठीला टेकू मिळावा, यात चैन ती कसली? मात्र मापात न बसणारी आरामखुर्ची आराम देत नाही. तीच दुखणे वाढवते, आणि पैसे गेलेले असतात म्हणून आपण मुकाट्याने तीत बसत राहतो.

याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. खूप खोल, मऊ, बुटक्या खुर्चीत म्हातारे माणूस बसले की त्याला आपले आपण उठता येत नाही. "अरे, जरा हात दे रे" असे दर वेळी म्हणावे लागते. घरात माणसे असतात तोवर निभते. सगळी रानात गेली की काय करायचे? उठण्याचा त्रास नको म्हणून काही वयस्कर माणसे लघवीला जाणे टाळतात, त्यासाठी पाणीच कमी पितात. कुणी घाईने उठायला जातात आणि पडतात. तेव्हा आरामखुर्चीची पारख करताना पहिली कसोटी ही धरावी : तीत बसल्यावर किती बरे वाटते हे नंतर बघू, आधी तीतून आपले आपण उठता येते का ते बघू.

पाठीला टेकू कशासाठी?

आपल्या पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दर दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट, लवचिक चकती असते. ती गाडीच्या पाट्याप्रमाणे धक्के सोसते. कंबरेजवळच्या चकत्यांवर सर्वांत जास्त भार येतो, म्हणून दुखणेही बहुधा तिथेच.

या चकत्यांवर प्रत्यक्ष किती दाब पडतो हे स्वीडनमधील डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून मोजले. पुढे जर्मनीत हान्स-योआखिम विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत बारीक दाबमापक बसवून रोजच्या हालचाली तपासल्या, आणि त्यांचे आकडे १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यात उभे असताना जो दाब होता, त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त इतकाच दाब खुर्चीत मागे रेलून सैल बसल्यावर राहिला. आणि पाठ गोल वाकवून २० किलोचे ओझे उचलताना तोच दाब उभे असतानाच्या साडेचार पटींवर गेला. आता युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे. ती वाकून उचलताना कंबरेवर काय येत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

हे आकडे एका माणसाचे आहेत, सर्वांना तंतोतंत लागू होतील असे नाही. पण दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट सारखीच निघाली. पाठ मागे टेकली की वरच्या धडाचा काही भार खुर्चीची पाठ उचलते आणि तेवढा कंबरेवरचा बोजा हलका होतो. दिवसभर भरणी करून किंवा रात्रभर दारे धरून आलेल्या माणसाला टेकून बसावेसे वाटते ते उगीच नाही.

मात्र टेकणे म्हणजे घसरणे नव्हे. कंबर बैठकीच्या मागच्या टोकाला न लागता पुढे घसरली, की मधली पाठ कमानीसारखी अधांतरी राहते. मग मणक्यांना धरून ठेवणारे बंध ताणले जातात आणि तासाभराने उठताना पाठ आखडते. अशी घसरण होते ती बहुतेक वेळा बसणाऱ्याच्या सवयीमुळे नव्हे, तर खुर्चीचे माप चुकल्यामुळे.

आरामखुर्चीचे प्रकार

आपल्याकडे साधारण चार प्रकार दिसतात.

पहिली कापडी आरामखुर्ची. लाकडी चौकट, दोन दांड्यांत ओवलेले जाड कापड, आणि पाठ कमी-जास्त कलती करायला मागे खाचा. ही स्वस्त, हलकी, हवेशीर. घडी करून अंगणात नेता येते, कापड काढून धुता येते. दोष असा की कापड ढिले पडले की अंग झोळीत पडल्यासारखे खाली जाते आणि पुढचा दांडा मांड्यांखाली रुततो. पायाला मुंग्या येतात त्या त्यामुळेच.

दुसरी लांब हातांची, वेताने विणलेली लाकडी खुर्ची. इंग्रजी अमलात बंगल्यांच्या व्हरांड्यांत ही असायची. हात इतके लांब की त्यावर पाय टाकून पडता यावे. वारा खेळता राहतो, लाकूड चांगले असेल तर पिढ्यान् पिढ्या टिकते. पण तिचा कल कायमचा ठरलेला असतो आणि बैठक बहुधा खोल असते. तरण्या माणसाला ती झकास, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला अवघड.

तिसरी झुलती खुर्ची. सावकाश झुलल्याने पायांची हालचाल होते, जीव रमतो. पण उठताना ती पुढे-मागे हलते. ज्याचा तोल जातो त्याला ती देऊ नये.

चौथी गादीची, पाठ मागे जाणारी आणि पाय वर उचलणारी, जिला दुकानात रिक्लायनर म्हणतात. हिचे मूळ फार लांबचे. १९२८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात मन्रो या गावी एडवर्ड नाबुश आणि एडविन शूमेकर या चुलत भावांनी लाकडी पट्ट्यांची, अंगाबरोबर मागे कलणारी खुर्ची तयार केली. ती पडवीत ठेवायची साधी खुर्ची होती. पुढे तिच्यावर गादी चढली आणि ती घरात आली. आज आपल्या तालुक्याच्या गावी मिळणारी रिक्लायनर ही तिचीच नात-पणती म्हणायची. हिच्यात तीन जाती आहेत : अंगाने मागे रेटायची, बाजूच्या दांडीने उघडायची, आणि विजेच्या मोटारीवर चालणारी. पुष्कळशा रिक्लायनर धिप्पाड बांध्याच्या माणसाला सोयीच्या अशा मापांच्या असतात. आपल्याकडच्या पाच-सव्वापाच फुटी माणसाने, विशेषतः बायकांनी, ती मोजल्याशिवाय घेऊ नये.

अंगाची पाच मापे

आता मुद्द्याला येऊ. खुर्ची मुख्यतः ज्याच्यासाठी घ्यायची त्या माणसाला सपाट लाकडी बाकावर किंवा फळीच्या पलंगावर बसवावे. पाठ भिंतीला टेकलेली, पाऊल जमिनीवर सपाट. घरात चप्पल घालायची सवय असेल तर चप्पल घालून, नाही तर अनवाणी. मेजपट्टी घेऊन ही मापे घ्यावीत.

१. पायाची उंची : गुडघ्यामागच्या लवणीपासून खाली जमिनीपर्यंत. हीच बैठकीच्या पुढच्या काठाची उंची. बैठक याहून उंच असली तर पाय लोंबकळतात, मांडीखालच्या नसा दबतात. याहून फार बुटकी असली तर गुडघे पोटाकडे येतात आणि उठणे कठीण होते. गुडघेदुखी असलेल्यास बैठक एक-दोन इंच उंच चालते, नव्हे तशीच बरी, कारण उंच बैठकीवरून उठताना गुडघ्यावर जोर कमी येतो. मात्र पाऊल जमिनीला टेकले पाहिजे.

२. मांडीची लांबी : मागच्या भिंतीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत. यातून दोन इंच, म्हणजे साधारण तीन बोटे, वजा करावीत. उरेल ती बैठकीची पुढून मागपर्यंतची लांबी. हे माप सर्वांत जास्त वेळा चुकते. बैठक लांब असली की एक तर काठ लवणीत रुततो, नाही तर माणूस पुढे सरकून बसतो आणि कंबर अधांतरी राहते.

३. बसल्यावरची रुंदी : कंबरेखाली अंग जिथे सर्वांत रुंद, तिथले माप, अधिक दोन्ही बाजूंना एकेक इंच. लुगडे-धोतर नेसणाऱ्यांनी थोडे जास्त धरावे. उगाच फार रुंद खुर्ची घेऊ नये. हात टेकायला कोपरे बाहेर फाकवावे लागले की मान आणि खांदे भरून येतात.

४. कोपराची उंची : खांदे सैल सोडून, हात कोपरात वाकवून, बैठकीपासून कोपरापर्यंत. खुर्चीचे हात एवढ्या उंचीवर हवेत. जास्त उंच असले तर खांदे कानाकडे चढतात, बुटके असले तर माणूस एका अंगाला कलतो.

५. पाठीची दोन मापे : एक, बैठकीपासून कंबरेच्या पोकळीपर्यंत, म्हणजे जिथे पाठ आत वळते तिथपर्यंत. खुर्चीच्या पाठीचा फुगवटा तिथे आला पाहिजे. दोन, बैठकीपासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत. मागे रेलून पडायचे असेल तर खुर्चीची पाठ तिथपर्यंत पोचली पाहिजे, नाही तर मान लटकते.

खुर्चीची उंची मोजताना एक खबरदारी घ्यावी. गादी रिकामी असते तेव्हाची उंची खरी नव्हे. माणूस बसला की मऊ गादी इंच-दोन इंच, कधी त्याहूनही जास्त खाली जाते. म्हणून कुणाला तरी बसवून, गादी दबलेली असताना मोजावे.

एक उदाहरण मांडून बघू

समजा, घरात तीन माणसे आहेत. नानांची पायाची उंची १७ इंच आणि मांडीची लांबी १९ इंच. काकूंची पायाची उंची १५ इंच आणि मांडीची लांबी साडेसतरा इंच. आबा वयस्कर, गुडघे दुखतात. त्यांची पायाची उंची १६ इंच, मांडीची लांबी १८ इंच.

दुकानात एक खुर्ची आवडली. गादी दबल्यावर तिची बैठक १८ इंच उंच आणि २१ इंच लांब भरली.

नानांना बैठकीची लांबी हवी १९ वजा २, म्हणजे १७ इंच. दुकानातली खुर्ची चार इंच जास्त लांब. उंचीही एक इंच जास्त. नानांनी पाठीमागे चार इंच जाडीचा टणक तक्क्या ठेवला तर त्यांचे भागेल.

काकूंना हवी १५ इंच उंची आणि साडेपंधरा इंच लांबी. त्यांचे पाय तीन इंच अधांतरी लोंबतील आणि बैठक साडेपाच इंच जास्त होईल. त्यांना ही खुर्ची म्हणजे शिक्षाच. पायाखाली पाट आणि पाठीला जाड तक्क्या दिला तर तात्पुरते निभेल, पण मुद्दाम त्यांच्यासाठी म्हणून ही घेऊ नये.

आबांना गुडघ्यासाठी १८ इंच उंची चालू शकेल, पाऊल टेकते का ते तेवढे बघावे. लांबी मात्र १६ इंच हवी, पाच इंच जास्त भरते. पाठीला तक्क्या नसेल तर आबा घसरून बसतील, आणि मग त्यांना उठवायला कुणीतरी लागेल.

म्हणजे एकच खुर्ची तिघांना तीन तऱ्हेने लागली. म्हणून घरात आधी ठरवावे : खुर्ची कुणासाठी? जो सर्वांत जास्त वेळ बसणार किंवा ज्याला उठायला सर्वांत जास्त त्रास, त्याचे माप प्रमाण. आलेल्या पाहुण्याने दहा मिनिटे कशीही काढली तरी चालतात. इथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहुतेक घरांत आरामखुर्ची म्हणजे कर्त्या पुरुषाची असे धरूनच चालतात. सकाळी चुलीपासून सुरू करून खुरपणीपर्यंत राबलेल्या बाईची पाठही पाठच आहे. तिचेही माप एकदा घ्यावे.

पाठीचा कल ओळंब्याने मोजा

पाठ किती मागे कलती असावी हे कामावर अवलंबून आहे. अंश मोजायचे साधन घरात नसले तरी गवंड्याचा ओळंबा पुरेसा आहे. नसेल तर दोरीला दगड बांधावा.

खुर्चीची पाठ २४ इंच लांब आहे असे धरा. तिच्या वरच्या टोकापासून ओळंबा सोडा आणि तो पाठीच्या तळापासून किती इंच मागे पडतो ते मोजा.

४ इंच मागे पडला तर कल सुमारे १० अंश. पेपर वाचायला, चहा घ्यायला, काही लिहायला हा ठीक.

८ इंच मागे पडला तर सुमारे २० अंश. गप्पागोष्टी, रेडिओ, टीव्ही यासाठी हा बरा.

१२ इंच मागे पडला तर सुमारे ३० अंश. हा विश्रांतीचा, डुलकी घ्यायचा कल. इथे डोक्याला आधार पाहिजेच.

पाठ जसजशी मागे कलते तसतसे अंग पुढे घसरू लागते. म्हणून कलत्या खुर्चीची बैठकही पुढून किंचित उंच आणि मागे उतरती हवी. १८ इंच लांबीच्या बैठकीला इंच-दीड इंच उतार पुष्कळ झाला. याहून जास्त उतार दिला तर माणूस खड्ड्यात बसल्यासारखा बसतो आणि उठताना दम लागतो. सुताराकडून कायम कलाची खुर्ची करून घेणार असाल तर वयस्कर माणसासाठी ४ ते ८ इंचांच्या दरम्यानचा कल सांगावा. खाचांची खुर्ची असेल तर तिन्ही कल एकीतच मिळतात.

दुकानात गेल्यावर

ज्याच्यासाठी खुर्ची घ्यायची त्याला दुकानात बरोबर न्यावे. "आबा कशाला दगदग करतील, आम्हीच आणतो" असे म्हणून पोरांनी परस्पर आणलेली खुर्ची बहुधा पोरांच्याच मापाची निघते. दुकानदार म्हणेल, "पाव्हणं, बसून तर बघा, कशी कापसासारखी हाय!" बसावे. पण दोन मिनिटे नव्हे, चांगले पंधरा-वीस मिनिटे बसावे. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक मऊ गादी चांगलीच वाटते. मग पुढील गोष्टी तपासाव्यात.

पाठ आणि कंबर पूर्ण मागे टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटे सहज जातात का? दोन्ही पावले सपाट टेकतात का? गुडघे कंबरेपेक्षा वर तर आले नाहीत ना?

आता उठून बघावे. कुणाचा हात न धरता, तीन वेळा. उठताना आपण टाचा मागे, खुर्चीखाली ओढतो आणि मग अंग पुढे झुकवून उभे राहतो. पुष्कळ गादीच्या खुर्च्या पुढून खोक्यासारख्या बंद असतात. तिथे टाच मागे जातच नाही आणि उठणे जड जाते. ही गोष्ट बघायची लोक हमखास विसरतात. तसेच खुर्चीचे हात बैठकीच्या पुढच्या काठापर्यंत आलेले हवेत, टोकाला मुठीत धरता येतील असे हवेत, आणि त्यावर सगळा भार दिला तरी हलता कामा नयेत.

रिक्लायनर असेल तर पाय उचलणारी फळी बंद करायला किती जोर लागतो ते ज्याची खुर्ची त्यानेच करून बघावे. तरण्या पोराला जे सोपे ते म्हातारीला जमेलच असे नाही. बाजूची दांडी हात पुरेल अशा जागी आहे का? पाठ पूर्ण मागे नेल्यावर खुर्ची कलंडत नाही ना? मागे भिंतीपासून किती जागा सोडावी लागते हे विचारावे आणि घरची जागा आधीच मोजून जावे. विजेवरची खुर्ची असेल तर वीज गेल्यावर ती सरळ कशी करायची, बॅटरीची सोय आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. आबा आडवे झालेत आणि वीज गेली, अशी पाळी येऊ नये.

गादीच्या फोमची 'डेन्सिटी' दुकानदार सांगतो. ३२, ४० असे आकडे असतात. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, एवढाच त्याचा अर्थ. साधारणपणे आकडा मोठा तसा फोम टिकाऊ. पण टिकाऊ म्हणजे कडक असे नाही, तेव्हा मऊ की कडक हे बसूनच ठरवावे. वरचे आवरण रेक्झिनचे असेल तर पुसायला सोपे, पण उन्हाळ्यात पाठीला घाम फुटतो. कापड असेल तर हवेशीर, पण धूळ आणि गळीत हंगामातली काजळी धरते. म्हणून काढून धुता येईल असे आवरण मागावे. पक्की पावती आणि लेखी वॉरंटी घ्यावी. मोबाइलवरून मागवणार असाल तर खुर्चीची पाचही मापे लिहिलेली आहेत का ते बघावे, आणि परत घेण्याच्या अटी आधी वाचाव्यात.

गावच्या सुताराकडून करून घ्यायची तर

हा मार्ग अजूनही चांगला आहे, कारण माप आपले. पाच मापे कागदावर लिहून द्यावीत. कापडी खुर्चीसाठी जाड, न ताणणारे कापड घ्यावे आणि दांड्यांवरची शिवण दुहेरी घालावी. कापडाची लांबी सुरुवातीला थोडी कमीच ठेवावी, कारण वापरून ते ताणतेच. कापड जितके लांब तितकी झोळी खोल, हा हिशेब. पुढचा दांडा गोल तासून त्यावर जुन्या गोधडीची पट्टी गुंडाळली की मांड्यांना रुतत नाही. मागच्या खाचा खोल आणि सारख्या असाव्यात. उथळ खाचेतून दांडा निसटला तर माणूस पाठीवर आपटतो.

घरात आहे तीच खुर्ची सुधारा

प्रत्येकाने नवी खुर्ची घेतलीच पाहिजे असे नाही. बैठक लांब असेल तर पाठीमागे टणक तक्क्या द्यावा. कंबरेची पोकळी भरत नसेल तर पंचा किंवा टॉवेल गुंडाळून तिथे ठेवावा. खुर्ची बुटकी असेल तर बैठकीवर टणक गादी घालावी, किंवा सुताराकडून चारही पायांना एकसारख्या लाकडी टाचा पक्क्या बसवून घ्याव्यात. पायाखाली सुट्या विटा मात्र ठेवू नयेत. पाय लोंबत असतील तर पाट द्यावा, आणि उठायच्या आधी तो बाजूला सारायची सवय लावावी, नाही तर त्यालाच अडखळून पडायचे. कापड झोळ झाले असेल तर उसवून दोन-तीन इंच आत घेऊन पुन्हा शिवावे. या बहुतेक दुरुस्त्यांना शंभर-दोनशे रुपयांहून जास्त खर्च येत नाही.

काही सावधगिरीच्या गोष्टी

खुर्ची कितीही चांगली असली तरी तीत तासन् तास बसून राहू नये. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. टीव्हीवर कुस्त्या लागल्या असल्या तरी उठावे.

कंबरेच्या खुब्याचे किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्यांनी बैठकीची उंची डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. खुबा बदललेल्यांना बुटकी खुर्ची सहसा मना असते. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झालेल्यांनी टाचा एकाच जागी फार वेळ दाबून ठेवू नयेत, आणि रोज रात्री टाचा तपासाव्यात.

खालील गोष्टी झाल्या तर खुर्ची बदलत न बसता डॉक्टर गाठावा : एकाच पायाला अचानक सूज व दुखणे, आडवे झाले की धाप लागणे, पाठदुखीबरोबर पायातली शक्ती जाणे, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणे.

लहान मुलांना रिक्लायनरशी खेळू देऊ नये. पाय उचलणारी फळी मिटताना मध्ये बोट, हात किंवा डोके सापडू शकते. फळी मिटण्याआधी खाली-मागे एकदा बघावे. घडीच्या खुर्चीच्या खाचांतही बोटे चेमटतात.

मापाची चिठ्ठी (कातरून खिशात ठेवावी)

खुर्ची कुणासाठी : ........................

१. गुडघ्याच्या लवणीपासून जमीन : ........ इंच = बैठकीची उंची (गादी दबल्यावर; गुडघेदुखी असल्यास १ ते २ इंच जास्त)

२. भिंतीपासून गुडघ्याची लवण : ........ इंच, वजा २ इंच = बैठकीची लांबी

३. बसल्यावरची रुंदी : ........ इंच, अधिक २ इंच = बैठकीची रुंदी

४. बैठकीपासून कोपर : ........ इंच = खुर्चीच्या हातांची उंची

५. बैठकीपासून कंबरेची पोकळी : ........ इंच, बैठकीपासून डोक्यामागचा भाग :........ इंच

६. हात न धरता तीन वेळा उठता आले का? होय / नाही

सहाव्या ओळीत "नाही" आले तर ती खुर्ची कितीही देखणी आणि कितीही सवलतीत मिळत असली, तरी दुकानातच ठेवून यावी. माप जुळणारी दुसरी मिळते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या पायांनी उठून अंगणापर्यंत जाता येणे, हे त्या सवलतीपेक्षा मोलाचे आहे.